कंपनीची गाडी आणि गावातली लिफ्ट

नव्या फील्ड ऑफिसरांना गाडीचे नियम समजावून सांगा, असं साहेबांनी मला सांगितलं आहे. पुस्तक तुमच्या हातात आहेच, ते वाचून दाखवत नाही. यवतमाळ-वाशीमच्या रस्त्यांवर ते कुठे अडतं, तेवढं बोलतो.

फायदे तुम्हाला ठाऊक आहेत. डिझेल, विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं कंपनीकडे. दिग्रसच्या पुढे भर उन्हात गाडी बंद पडली, तर टोचन करून आणायचा खर्च तुमच्या पगारातून जात नाही. गाडी फक्त कामासाठी वापरली आणि तशी नोंद असली, तर आयकरात ती तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. नोंद म्हणजे लॉगबुक: तारीख, कुठून कुठे, मीटर. पोरं ते शनिवारी एकदम भरतात, आठवडाभराचे आकडे एकाच पेनाने. ऑडिटवाला आंधळा नसतो, बाप्पा. आणि ई-चलान येतं गाडीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे. त्या दिवशी समृद्धीवर गाडी कोण पळवत होतं, ते लॉगबुकातच पाहतात.

आता लिफ्ट. आपल्याकडे एसटी चुकली की संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसायचं. हात दाखवणारा कास्तकार उद्या तुमचंच बियाणं घेणार असतो, त्याला नाही म्हणवत नाही. ‘कोणालाही बसवू नका’ हे पुण्यातल्या ऑफिसात लिहिणं सोपं आहे. तरी त्यामागचं कारण खोटं नाही. पिकअप ही मालवाहू गाडी. तिच्या डाल्यात फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं आहे. गाडी उलटली तर तो बोजा मालकावर आणि चालकावर. कारचं थोडं वेगळं आहे, पण बसवलेल्याकडून वीस रुपये घेतले की खासगी गाडी भाड्याने चालवली असं होतं, आणि दावा अडतो.

अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस समोर आला, तर नियम दाखवू नका. 108 ला फोन लावा. गाडी यायला उशीर होणार असेल तर तुम्हीच न्या, साहेबांना कळवा, लॉगबुकात कारण लिहा. हा अपवाद पुस्तकात छापा, असं मी साहेबांना कधीचं म्हणतो आहे.

चावी साळ्याला लग्नात मिरवायला द्यायची नाही. परवाना नसलेल्याला गाडी चालवू दिली, तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याला 5000 रुपये दंड, चालवणाऱ्याला वेगळे 5000. पोरगं अठराच्या आतलं असेल तर 25000 आणि 3 वर्षांपर्यंत कैद, तीही पालकाला किंवा मालकाला.

अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, हे कायद्याने चालकावर बंधन आहे. जमाव अंगावर येत असेल तर थांबायची सक्ती नाही, त्याच कायद्याच्या कलम 134 मध्येच तशी सूट आहे. पण मग गाडी घराकडे नाही, सरळ ठाण्यात न्यायची.

कापसाच्या हंगामात अंधार पडला की वेग कमी करा. बैलबंडीला मागे लाल दिवा नसतो, आणि रोही, म्हणजे नीलगाय, वावरातून थेट सडकेवर येतो.

चहा आला आहे. ज्यांना आज चावी मिळणार आहे, त्यांनी परवान्याची मुदत दाखवून रजिस्टरवर सही करा.