फोर्स फीडबॅक किती ठेवायचा? जी२९ आणि असेट्टो कोर्सावर करून बघू

नमस्कार मंडळी! रेसिंग गेमसाठी नवीन स्टिअरिंग व्हील आलं की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात: फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हीलमधली मोटर हाताला जो जोर देते त्याचा, स्लायडर पार उजव्या टोकाला. हाताला जोर लागतो, भारी वाटतं. पण वळणावर पुढची चाकं घसरायला लागली की हाताला पत्ताच लागत नाही, आणि गाडी थेट बाहेरच्या मातीत.

असं का होतं? लॉजिटेक जी२९ या व्हीलची मोटर जास्तीत जास्त २ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर देते. तिची ताकद तिथे संपते. गेम, म्हणजे इथे असेट्टो कोर्सा, मात्र पुढच्या चाकांवरचं बळ मोजून आकडे पाठवतच राहतो. मोटरची पूर्ण ताकद म्हणजे १०० धरू. समजा लांब वळणात आकडा आला १३०. मोटर देणार १००. वरचे ३० कापले गेले. याला म्हणतात क्लिपिंग. वरातीत आवाज पूर्ण वाढवला की स्पीकर फाटतो आणि गाण्यातले शब्दच कळेनासे होतात ना, अगदी तसंच.

आता खरं नुकसान बघा. वळताना टायरवरचं बाजूचं बळ त्याच्या टेकलेल्या भागाच्या मध्यापेक्षा किंचित मागे लागतं, म्हणून चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. टायर मर्यादेजवळ आला की हे अंतर घटतं आणि स्टिअरिंग हलकं पडायला लागतं, तेही पकड पूर्ण सुटायच्या आधी. हाच तर इशारा! गेमने १३० वरून १०५ वर आणलं, पण तुमच्या हातात तेव्हाही १०० आणि आताही १००. इशारा आला आणि वाटेतच गेला.

(स्क्रीनवर: जी हब)

जी हब, म्हणजे लॉजिटेकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर. त्यात ऑपरेटिंग रेंज (व्हील किती अंश फिरतं) ९००. सेंटरिंग स्प्रिंग बंद, कारण ती स्प्रिंग टायरचं काहीच सांगत नाही, नुसती व्हील मध्याकडे ओढते.

(स्क्रीनवर: असेट्टो कोर्साची फोर्स फीडबॅक सेटिंग)

गेन (एकूण जोराचं प्रमाण) १००, फिल्टर (जोरातले बारीक धक्के गुळगुळीत करणारा) ०, मिनिमम फोर्स (कमीत कमी जोर) सध्या ०, त्याचं पुढे बघू. कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी), रोड, स्लिप (टायर घसरणं) आणि एबीएस (ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हे चारही इफेक्ट ०. हे इफेक्ट वरून घातलेले असतात, आणि त्याच १०० टक्क्यांत जागा खातात. पुढची चाकं घसरल्याचं मुद्दाम वाढवून दाखवणारा एन्हान्स्ड अंडरस्टीअर इफेक्टही बंदच ठेवा.

आता मॉन्झा ट्रॅक आणि बीएमडब्ल्यू एम३ ई३० घ्या. ट्रॅकवर गेल्यावर पेडल्स नावाचं अॅप उघडा. त्यात फोर्स फीडबॅकची एक पट्टी असते, क्लिपिंग झालं की ती लाल होते. दोन लॅप टायर तापवा, मग पाराबोलिका या शेवटच्या वळणावर लक्ष ठेवा. हे वळण लांब आहे, बळ बराच वेळ टिकून राहतं, म्हणून मोजायला उत्तम. पट्टी सलग लाल असेल तर नमपॅडवरचं वजाचं बटण दाबत गेन खाली आणा. वळणाच्या मध्यावर पट्टी ८० ते ९० टक्क्यांवर थांबली पाहिजे. कर्बवर चाक चढल्यावर क्षणभर लाल चमकलं तर चालेल, त्याच्या मागे लागू नका. हा आकडा त्या गाडीपुरता जतन होतो. डाउनफोर्सवाली (हवेच्या दाबाने जमिनीकडे दाबली जाणारी) गाडी घेतलीत की पुन्हा तपासावं लागतं, कारण वेगाबरोबर पुढच्या चाकांवरचा भारही वाढतो.

व्हील आधीपेक्षा हलकं लागेल. दोन दिवस तसंच चालवा, हाताला सवय होते.

राहिला मिनिमम फोर्स. जी२९ मध्ये गिअर आहेत, आणि अगदी बारीक जोर त्यांच्या घर्षणातच जिरतो. म्हणून मध्यावर व्हील मेलेलं वाटतं. सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाने जा, व्हील दोन बोटं डावी-उजवीकडे हलवा, आणि मिनिमम फोर्स ५ पासून थोडा थोडा वाढवा. मेलेपणा गेला की थांबा. बहुतेक जी२९ वर हे १० ते २० च्या मध्ये सापडतं. सरळ जाताना व्हील स्वतःच खडखडायला लागलं तर जास्त झालंय, दोन टक्के मागे या. आणि टेबलाचे क्लॅम्प आधी घट्ट करा! सैल टेबल हलतं, तेव्हा बारीक थरथर टेबलातच मुरते आणि सेटिंग चुकल्यासारखं वाटतं.

डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनो (ज्यांचं व्हील थेट मोटरवर बसतं), तुमचा मिनिमम फोर्स ०. तिथे गिअर नाहीतच. फॅनाटेक सीएसएल डीडी ५ न्यूटन-मीटर देतो, बूस्ट किटवर ८, म्हणून सुरुवात कमी जोरावर करा. अंगठे व्हीलच्या आऱ्यांत अडकवू नका, कडेवर ठेवा. भिंतीला धडक बसली की व्हील गर्रकन फिरतं आणि अंगठा मुरगळतो. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर व्हील इकडून तिकडे झोके घ्यायला लागलं तर डॅम्पिंग (व्हीलच्या फिरण्याला होणारा विरोध) थोडं वाढवा.

आयरेसिंग हा दुसरा रेसिंग गेम खेळत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथे मॅक्स फोर्सचा आकडा वाढवला की व्हील हलकं होतं, जड नाही. क्लिपिंग दिसलं तर तो आकडा वर न्यायचा.