लाकडी होडी आणि तिचा गोतावळा

मंडळी, आभार वगैरे शेवटी बघू. वेळ थोडा आहे आणि विषय लाडका आहे. माझं म्हणणं एवढंच, की शिडाची लाकडी होडी एकट्या माणसाला सांभाळता येत नाही. तिला सांभाळायची विद्या दोस्तीत टिकते, आणि दोस्ती तुटली की विद्याही जाते. त्यासाठी नागपुरात काय करायला हवं, ते मी आज मांडणार आहे.

दारातच एका काकांनी अडवलं, "काहून भाऊ, नागपुरात समुद्र कोठून आणला?" रास्त प्रश्न आहे. समुद्र नाही, पण सागवान तर आपल्याकडचंच! आलापल्लीचं, बल्लारपूरचं, सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं सागवान म्हणून देशभर विकलं जातं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 साली लाकूड बल्लारपूरहूनच गेलं. लकडगंजात, आपल्या नागपूरच्या लाकूडबाजारात, आजही असे सुतार आहेत, जे फळीवर हातोडीचा दांडा आपटून सांगतात, आवाज बद्द येतोय, आतून गेलंय. आणि पाणी म्हणाल तर अंबाझरी तलाव आहे. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये कोण कोण होतं? हात वर करा बरं. बघा काका, मागची रांग बघा!

आता एक होडी सांगतो, 'सुहैली' नावाची. 32 फुटांची, सागवानी, बांधली मुंबईत. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून 22 एप्रिल 1969 ला परतले. असं करणारे ते पहिले. ती गोल्डन ग्लोब नावाची शर्यत होती; निघाले नऊ जण, पोचले हे एकटे. वाटेत होडीला गळती लागली, तळाच्या फळीशी. भर अटलांटिकमध्ये पाण्यात बुडी मारायची, श्वास पुरेल तेवढा कापूस फटीत ठासायचा, वर यायचं, पुन्हा बुडी. शेवटी कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकली तेव्हा गळती आटोक्यात आली.

हे मी का सांगतोय? कारण हाच माणूस पुढे आपल्या नौदलातले अधिकारी दिलीप दोंदेंना भेटला. नौदलाने दोंदेंवर एकट्याने जगप्रदक्षिणेची कामगिरी सोपवली, तेव्हा 2006 साली ते रॉबिन यांच्या दुसऱ्या एका शर्यतीच्या तयारीत मदतनीस म्हणून राबले. वर्गात बसून नाही, बोटीवर हात काळे करून शिकले. मग गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली, लाकडी पट्ट्यांवर फायबरचे थर चढवून. ऑगस्ट 2009 मध्ये दोंदे मुंबईहून निघाले, मे 2010 मध्ये परतले. त्याच म्हादेईवर 2012-13 मध्ये नौदलातल्याच अभिलाष टॉमींनी एकट्याने न थांबता फेरी पुरी केली. एकाने दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि कुणी कुणाकडे फी मागितली नाही.

आमचाही असा गोतावळा आहे, लहानसा. एक लकडगंजातला लाकूडवाला, एक रेल्वेतून निवृत्त झालेला मित्र, एक सुतारदादा, आणि मालवणकडचे एक तांडेलकाका, म्हणजे होडी हाकणारे जाणते, जे नागपूरला कधी आलेले नाहीत. कोकणातून आम्ही एक जुनी फळ्यांची होडी ट्रकवर घालून आणली, ती नेमकी मे महिन्यात. नागपूरचा मे मी तुम्हाला काय सांगू! थोड्याच दिवसांत फळ्या सुकून आकसल्या आणि आत बसलं की फटींतून ऊन दिसायला लागलं. रेल्वेवाला मित्र एम-सील घेऊनच आला. तेवढ्यात तांडेलकाकांना फोन लावला. ते ओरडलेच, "पुटी लावू नको! लाकूड फुगतला, मगे आपसूक जुळतला." कारण असं, की सुकल्या फटीत कडक पुटी भरली आणि मग होडी पाण्यात घातली, तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. ती खिळे ओढते, आतल्या सांगाड्याच्या बरगड्या तडकवते. आम्ही गोणपाटं भिजवून आत अंथरली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिलो. फटी मिटल्या. जिथे नाही मिटल्या, तिथे कापूस ठासून वर राळ आणि तेल. काकांचा दुसरा धडा तर आपल्यासाठीच आहे: खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी लाकडाला वाईट. पावसाचं पाणी तळात साचलं की बुरशी धरते. म्हणून तलावातल्या होडीवर पावसाळ्यात झाकण हवं, पण खालून वारा खेळता ठेवून. घट्ट ताडपत्री बांधली तर आतल्या आत सडते.

आता माझं दुखणं. एका संस्थेच्या शेडमागे, नाव घेत नाही, 27 फुटी जुनी व्हेलर, म्हणजे वल्ह्यांची नि शिडाची लांबट होडी, पडून होती. कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या फळ्या, आणि प्रत्येक जोडावर तांब्याचे रिव्हेट. आम्ही चौघांनी सगळीकडे पेचकस टोचून पाहिला. टोकाच्या दोन-तीन फळ्या मऊ होत्या, बाकी अंग ठणठणीत. अर्ज केला. सुतारदादा पदरचं लाकूड द्यायला तयार होता. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. एक साहेब बदलून गेले, दुसऱ्यांनी नवा अर्ज मागितला, तोही दिला. आणि एक दिवस कळलं, 'निकामी लाकूड' म्हणून लिलावात गेली. धावत भंगारवाल्याकडे गेलो. त्याने ती जाळली होती, राखेतून तांबं वेचायला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला तांब्याचा भाव ठाऊक होता. राग त्यांच्यावर आहे ज्यांनी बघायला या म्हणून एकदाही कुणाला बोलावलं नाही. त्या रिव्हेटच्या टोपीवर हातोडीचे बारीक ठोके दिसत. कुण्या कारागिराने ते एकेक बसवले होते, आणि ते कसे बसवायचे हे आता सांगणारं आमच्यात कोणी नाही. आम्ही त्या होडीकडून शिकणार होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी आलो ते पळतच सांगावं लागणार.

नागपुरात एक सामायिक शेड हवी. मोठी नको, 30 फुटांची होडी आत जाईल आणि कडेने माणूस फिरेल एवढी. ज्याची होडी, त्याने लाकूड आणावं; हात सगळ्यांनी लावावा. प्रत्येक होडीची वही असावी: कुठली फळी कधी बदलली, कुठलं लाकूड, कुठला गोंद, काय फसलं. आणि वही होडीसोबत जावी, मालकासोबत नाही. होडी विकली तरी नव्या मालकाला जुन्याचा फोन नंबर मिळालाच पाहिजे.

प्लायच्या होड्यांबद्दल वेगळं बोलायचं होतं. 1956 साली जॅक होल्टने आखलेली एंटरप्राइज नावाची छोटी होडी, निळ्या शिडांची, तिच्यासाठी सातशे दहा नंबरचा मरीन प्लाय इथेच मिळतो, पण कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय तो लावू नका. बाकीचं बाहेर चहाला विचारा.

शेवटचं. लकडगंजातल्या कारागिरांच्या मुलांना त्या शेडमध्ये रोजाने कामावर घ्यायचं, फुकट शिकाऊ म्हणून नाही. तांडेलकाका दिवाळीनंतर यायला कबूल झाले आहेत, तिकीट आम्ही काढतो. तोपर्यंत जागा हवी. कुणाची जुनी, लाकूड कापायची आरा-मशीन बंद पडली असेल, गोदाम रिकामं असेल, तर जाताना मला भेटा. पत्रा गळका असला तरी चालेल, तो आम्ही बदलू.