आत्याचा कान सिलेंडरला

नमस्कार मंडळी. विषय दिलाय, नवं तंत्रज्ञान माणसाची ताकद कशी वाढवतं. रोबोटचे हात, कॉम्प्युटरवाले चष्मे यावर बोलणारे खूप आहेत, मी आपला कानाबद्दल बोलतो, रेडिओला दुसरं काय लागतं.

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं साधन. नेहमीचं कानाचं मशीन काय करतं, आवाज मोठा करून आत सोडतं, पण कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशीच मेल्या असतील तर मोठ्या आवाजाचा उपयोग काय, आणि त्या पेशी माणसात परत येत नाहीत बरं का. (म्हणून लग्नातल्या त्या डीजेसमोर लहान पोरांना खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापांना माझं हात जोडून सांगणं आहे, पण ते जाऊ द्या.) इम्प्लांटमध्ये डोक्याबाहेरचा प्रोसेसर आवाज पकडतो आणि शंखात सरकवलेल्या बारीक तारेतनं थेट नसेला करंट जातो. म्हणजे आवाज मोठा होत नाही, आवाजाचा रस्ता बदलतो. परत सांगतो, रस्ता बदलतो.

ऑस्ट्रेलियात ग्रेम क्लार्क नावाचे डॉक्टर होते, वडिलांना ऐकू कमी यायचं. कानातल्या वळणावळणाच्या शंखात तार घालायची कशी यावर गाडी अडलेली, तर 1977 मध्ये समुद्रावर बसल्या बसल्या यांनी किनाऱ्यावरच्या एका खऱ्या शंखात गवताची काडी घालून बघितली. बुडाशी ताठ, टोकाला लवचिक, काडी गेली की आत! 1978 ला मेलबर्नमध्ये त्यांनी आपलं पहिलं इम्प्लांटचं ऑपरेशन केलं.

आता माझ्या आत्याची गोष्ट, जी मी कुठेही सांगतो. आत्याचं साठीत इम्प्लांट झालं. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मशीन चालू करतात, तर पहिल्या दिवशी म्हणाली, सगळे डब्यात तोंड घालून बोलताय का रे? मेंदूला नवा रस्ता शिकायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांत मात्र गाडी रुळावर आली, आणि एका सकाळी मामांकडे बघत राहिली, म्हणे, अहो, तुम्ही चहा एवढा फुरका मारून पिता? मामा म्हणाले, लग्नापासून.

तर तिचा प्रोसेसर बटणासारखा, कानाच्या वर मागं लोहचुंबकानं चिकटतो. एक दिवस गॅस संपला, आत्या ओट्याखाली वाकून रेग्युलेटर काढत होती, आणि ते बटण डोक्यावरनं सुटून सिलेंडरच्या कड्याला चिकटलं. कड्याच्या आतल्या बाजूला, त्यामुळे ते दिसेना. एकदम सगळं शांत झालं, आत्याला वाटलं चार्जिंग गेलं, असं आधी दोनदा झालेलं, म्हणून ती स्वयंपाक आवरत बसली, नंतर बघू म्हणून. तेवढ्यात गॅसवाला आला, भरलेला ठेवला, रिकामा घेऊन गेला. आत्यानं चार्ज करायला केसांत हात घातला तर बटणच नाही! खाटेखाली नाही, मोरीत नाही, केराच्या डब्यात नाही. मग ट्यूब पेटली. मामा बनियनवर, पायात बाथरूमची स्लीपर, गल्लीतनं पळतायत आणि ओरडतायत, "अरे थांब, बायकोचा कान गेला सिलेंडरबरोबर!" कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला वाटलं काहीतरी स्फोट झाला, तो शटर ओढायला लागला. टेम्पो पुढच्या चौकात गाठला. वर सगळे सिलेंडर लाल, सगळे सारखेच. मामा आणि तो पोरगा एकेका कड्याखाली हात फिरवत बसले, शेवटी पोरगा म्हणाला, काका, ह्यो काय, गोचीड चिकटल्यावानी!

काही लाखांची ती गोचीड. आता तिला दोरी बांधून क्लिप ब्लाउजला लावलीये.

एक कामाचं सांगतो. बाळाला ऐकू येतंय का हे थाळी बडवून ठरवू नका, ते हवेचा झोत नाहीतर सावली जाणवून पण वळतं. दवाखान्यात नवजात बाळाची मशीनवर कानाची तपासणी होते, दुखत नाही, तीच करा. मूल जन्मतः बहिरं असेल तर इम्प्लांट जितकं लहानपणी होईल तितकी भाषा सोपी जाते, कारण मेंदूचा रस्ता त्याच वर्षांत पडतो. थाळी नको, तपासणी.

आणि चष्मा मिरवतो आपण, मग कानाचं मशीन का लपवायचं हे मला कधी कळलं नाही. आत्या तर अजिबात लपवत नाही. मामा चिडून बोलायला लागले की बटण काढून टेबलावर ठेवते आणि वाटाणे सोलत बसते, ते आपले बोलतायत.