डिफरन्स आणि चिखलातली पिकअप

नमस्कार मंडळी! आज बोलूया 'डिफरन्स'वर. मेन रोडला साडी बदलायला गेलं की काउंटरवरचा पोरगा म्हणतो ना, 'ताई, डिफरन्स भरावा लागेल', तोच. शब्द मूळचा लॅटिन. 'डिस' म्हणजे अलग आणि 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं, चौदाव्या शतकात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपला 'भार' ज्या 'भृ' धातूतला, तो या फेर्रेचा चुलतभाऊच. परत सांगते, डिफरन्स म्हणजे मुळात अलग नेणं.

आता ऐका गंमत. मागे ऐन द्राक्षाच्या हंगामात अवकाळी झाला आणि मखमलाबादला मामांच्या बागेतून क्रेट भरून निघालेली पिकअप बांधाच्या वळणावर रुतली. मागचं डावं चाक गरगर फिरतंय, ढकलणाऱ्यांची तोंडं चिखलाने भरली, आणि उजवं चाक चांगलं कोरड्या जमिनीवर असून ढिम्म. मामा आपले ओरडतायत, 'अरे रेस दे, रेस दे!' तेवढ्यात सातपूरला कंपनीत असणारा आमचा मावसभाऊ खाली वाकून बघून म्हणाला, 'मामा, रेस देऊन उपयोग नाही, हा डिफरन्शियलचा खेळ आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, म्हणून मधले गिअर दोघांना वेगवेगळं फिरू देतात. पण एक घसरायला लागलं की सगळा वेग तिकडे, आणि दुसऱ्याला जोर मिळतो तो घसरणाऱ्याइतकाच.' मामी क्रेटवर हात ठेवून म्हणाली, 'म्हंजे एक नुसता पळतोय न् काम कुणाचंच होईना, घरच्यासारखंच की!' मग छाटणीच्या काड्या, रिकामी पोती चाकाखाली सारली, हँडब्रेक जरासा ओढला आणि गाडी निघाली बाहेर.

हां, तर अलग नेणं. परीक्षा 'डिफर' झाली म्हणतात ना, पुढे ढकलली, तोही याच लॅटिन शब्दाचा, स्पेलिंग तेवढं दुसरं. आणि हल्ली मिसळीवर चीज घालून 'डिफरंट' म्हणून विकतात, त्याला माझा सक्त विरोध आहे, रस्सा जमत नसेल तर तसं सांगा.

राहिला 'इनडिफरंट'. पूर्वी याचा अर्थ कुणाची बाजू न घेणारा, म्हणजे न्यायाधीशाला शोभणारा गुण. आता अर्थ झालाय बेफिकीर, तेव्हा कोर्टात कौतुक म्हणून वापरू नका बरं का!