६ नंबरचा कॅप्टन: फ्रांको बारेसी आणि मिलानची २० वर्षं

१६ मे १९८२. इटलीतलं चेझेना नावाचं छोटंसं शहर, लीगचा शेवटचा दिवस, आणि एसी मिलान, म्हणजे तोवर दोनदा युरोपियन कप (युरोपातली क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) जिंकलेला क्लब, खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात. आधी दोन गोलनी मागे पडले, मग कसेबसे तीन मारले, ३-२ जिंकले. तिकडे नेपल्समध्ये जेनोआ, म्हणजे खाली जाण्यापासून वाचायला धडपडणारी दुसरी टीम, मागे होती, त्यामुळे वाटलं सुटलो एकदाचे. आणि अगदी शेवटी जेनोआनं बरोबरी केली, संपलं. एका पॉइंटनं मिलान सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या सेकंड डिव्हिजनमध्ये.

बरं, हे पहिल्यांदा नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १९८० मध्ये, सट्टेबाजीचं मोठं प्रकरण निघालं होतं, इटलीत त्याला तोतोनेरो म्हणतात, त्यात मिलानला शिक्षा म्हणून खाली ढकललं होतं. तेव्हा निदान बोट दाखवायला कुणीतरी होतं. यावेळी खेळूनच गेले.

आता गंमत बघा. पुढच्या दोन महिन्यांत इटली स्पेनमध्ये वर्ल्ड कप जिंकते. त्या टीममध्ये मिलानचे दोन डिफेंडर. एक फुल्वियो कोलोवाती, हा फायनल खेळला. दुसरा २२ वर्षांचा एक बारीकसा पोरगा, जो पूर्ण वर्ल्ड कपमध्ये एक मिनिटही मैदानावर उतरला नाही, पण चॅम्पियन टीमचा म्हणून नाव लागलंच. परत आल्यावर कोलोवाती गेला, आणि गेला कुठे तर थेट इंटरला, त्याच शहरात, त्याच स्टेडियममध्ये, समोरच्या पार्टीत. पोरगा राहिला. त्याच्या दंडावर कॅप्टनची पट्टी बांधली आणि वर्ल्ड चॅम्पियन साहेब निघाले सेकंड डिव्हिजन खेळायला.

तो पोरगा म्हणजे फ्रांको बारेसी.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. लॉयल प्लेयर म्हटलं की आपण लगेच डोळे ओले करून बसतो, पण जिंकणाऱ्या क्लबात वीस वर्षं राहायला काय लागतं, पगार वेळेवर, कप दरवर्षी, कोण कशाला जाईल. आणि हेही खरं की तेव्हा बोस्मन निकाल, म्हणजे करार संपल्यावर प्लेयरला फुकट दुसऱ्या क्लबात जाऊ देणारा कोर्टाचा निकाल, आला नव्हता, तो १९९५ चा, त्यामुळे प्लेयरला आजच्यासारखं उठून जाता येत नव्हतं. पण दार अगदीच बंदही नव्हतं ना, कोलोवाती गेलाच की त्याच दारातून. म्हणून बारेसीच्या निष्ठेचा हिशोब मांडायचा तर तो ८९ च्या किंवा ९४ च्या कपांवरून नाही मांडायचा, ८० ते ८३ या तीन वर्षांवरून मांडायचा. नंतर जे मिळालं ते व्याज.

थोडं मागे जाऊ. ८ मे १९६०, ब्रेशा शहराजवळचं ट्रावालियातो गाव, शेतकरी कुटुंब. फुटबॉल सुरू झाला तो चर्चच्या आवारातल्या मैदानावर, त्या भागात बहुतेकांचा तिथेच होतो. मोठा भाऊ जुझेप्पे, घरचं नाव बेप्पे, त्याला इंटरनं घेतलं. मग फ्रांकोही इंटरच्या ट्रायलला गेला, तर तिथल्या लोकांनी बघितलं, पोरगं फारच किरकोळ दिसतंय, नको म्हणाले. मिलाननं घेतलं. आज इंटरच्या फॅनसमोर हा विषय काढून बघा, काय होतं ते.

घरचं सांगायचं तर वाईटच होतं सगळं. सतरा वर्षांचा होईपर्यंत आई पण गेली, वडील पण गेले, वडील रस्त्यावरच्या अपघातात. म्हणजे क्लबचं हॉस्टेल हेच घर, कोच आणि मसाजवाले हेच घरचे. मिलानमध्ये त्याला ‘पिशिनिन’ म्हणायचे, तिकडच्या बोलीत छोटू. हा छोटू पुढे कितीही मोठा झाला तरी उंची काही पावणेसहा फुटांच्या फार वर गेली नाही. सेंटर डिफेंडरसाठी ही काही उंची नव्हे. हेडरमध्ये समोरचा सहज वरून जाणार. मग करायचं काय? तर बॉल तिथे पोचायच्या आधी आपण पोचायचं. पुढची वीस वर्षं त्यानं मुख्यतः हेच केलं.

२३ एप्रिल १९७८ ला व्हेरोनात डेब्यू, वय १७, कोच स्वीडनचे नील्स लीडहोम. पुढच्याच सीझनला टीममध्ये पक्का, आणि त्याच सीझनला मिलाननं दहावी लीग जिंकली. इटलीत दहा लीग जिंकल्या की शर्टावर एक तारा लावायला मिळतो, तो तारा मिळाला. जियान्नी रिवेरा, मिलानचा तोवरचा सगळ्यात लाडका प्लेयर, त्याचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे एक जातोय आणि दुसरा येतोय, वय १९, हातात लीगचं मेडल. वर्षभरात क्लब सट्ट्यात अडकला.

८१-८२ मध्ये तर बारेसी स्वतः आजारी पडला, रक्ताचं इन्फेक्शन, काही महिने बाहेर. टीम बुडत होती आणि हा झोपून. मग चेझेना. मग पुन्हा सेरी बी, पुन्हा वर्षात वर. आणि वर आल्यावरही लगेच काही सोन्याचे दिवस आले नाहीत, क्लब कंगाल व्हायला आला होता, ते १९८६ मध्ये उद्योगपती बर्लुस्कोनीनं विकत घेतलं तेव्हा कुठे पैसा आला.

राष्ट्रीय टीमचंही तसंच. डिसेंबर १९८२ ला इटलीकडून पहिली मॅच मिळाली, पण कोच बेआर्झोत आणि याचं काही जमलं नाही. बेआर्झोतला तो मिडफिल्डमध्ये हवा होता. १९८६ चा वर्ल्ड कप आला, मेक्सिको, टीममध्ये बारेसी आहे की, फक्त तो बेप्पे! मोठा भाऊ गेला, धाकटा घरी. सुरुवातीला तर पेपरवाले फ्रांकोला ‘बारेसी टू’ लिहायचे. नंतर ते उलटं झालं आणि बेप्पेची ओळख ‘दुसरा बारेसी’ अशी झाली, जे मला थोडं अन्यायाचं वाटतं कारण तोही इंटरचा कॅप्टन होता. मिलान डर्बीच्या, म्हणजे मिलान-इंटर मॅचच्या टॉसला दोन कॅप्टन समोरासमोर आणि दोघंही एकाच घरातले, हे सान सिरोनं, दोघांच्या त्या स्टेडियमनं, बघितलंय.

आता येऊ मुद्द्यावर. १९८७, नवा कोच, अरिगो साकी. हा माणूस कधी प्रोफेशनल खेळलेला नाही, वडिलांच्या बुटांच्या धंद्यातून आलेला. आणि इटलीत डिफेन्स म्हणजे काय तर मॅन मार्किंग, तू याला धर, मी त्याला धरतो, आणि सगळ्यांच्या मागे एक लिबेरो, मोकळा माणूस, जे निसटेल ते झाडून काढणारा. बारेसी तोच होता, देशातल्या उत्तम लिबेरोंपैकी एक. साकी म्हणाला, हे बंद. आता चौघं एका ओळीत, गोलपासून लांब, वर, आणि शेवटच्या डिफेंडरपासून पहिल्या फॉरवर्डपर्यंत पूर्ण टीम पंचवीस-तीस मीटरमध्ये बसली पाहिजे. मॅन वगैरे विसरा, बॉल कुठेय आणि आपला माणूस कुठेय ते बघा.

आता विचार करा, सत्तावीस वर्षांचा माणूस, दहा वर्षं एक काम करून त्यात नाव कमावलंय, आणि कोणीतरी येऊन सांगतो की तुझं कामच रद्द. किती जण ऐकतील? बारेसीनं ऐकलं. आणि नुसतं ऐकलं नाही, त्या लाइनचा मेंदू झाला.

ती लाइन: उजवीकडे तास्सोत्ती, मध्ये कोस्ताकुर्ता आणि बारेसी, डावीकडे पाओलो मालदिनी. यांची प्रॅक्टिस कशी चालायची, साकीनं ही गोष्ट स्वतःच सांगितलीय. गुलिट आणि व्हॅन बास्टेन या टीममधल्या डच स्टार्सना हे सगळं पटत नव्हतं, तर यानं सांगितलं, या तुम्ही दहा जण, माझे पाच, हे चौघं आणि गोलकीपर, पंधरा मिनिटं देतो, गोल मारून दाखवा. नियम एकच, बॉल गेला की पुन्हा लांबून सुरू करायचं. पंधरा मिनिटं झाली, एक गोल नाही.

हे होतं कसं ते जरा हळू बघू. स्क्रीनवर बॉल ज्याच्या पायात आहे त्याला बघू नका, बारेसीला बघा. समोरच्या प्लेयरवर आपला कोणी धावून गेला, त्याची मान खाली गेली, म्हणजे तो आता लांब पास देऊ शकत नाही. इटालियन कोच म्हणतात बॉल झाकलेला आहे. त्या क्षणी बारेसी दोन पावलं पुढे, आणि त्याच्याबरोबर तिघंही दोन पावलं पुढे, आणि मागे राहिलेला फॉरवर्ड ऑफसाइड, म्हणजे डिफेंडरांच्या ओळीपलीकडे गोलजवळ उभा, त्याला पास दिला तर चालत नाही. आणि तोच प्लेयर मोकळा असेल, मान वर, समोर जागा, म्हणजे बॉल उघडा, तर उलटं, चौघंही मागे पळत सुटणार. हा निर्णय घ्यायला अर्धा सेकंद पण नसतो, तो चुकला तर फॉरवर्ड आणि गोलकीपर दोघंच समोरासमोर. तो घ्यायचा बारेसी. मागे वळून गोलकडे एक नजर, पुन्हा पुढे, तोंड सतत चालू, आणि मग तो फेमस उजवा हात वर. लाइन्समनला सांगतोय की बघ, ऑफसाइड आहे. कधी कधी नसायचाच ऑफसाइड, पण हात इतक्या खात्रीनं वर जायचा की झेंडाही वर जायचा, असं विरोधी टीमवाले आजही कुरकुरतात आणि मला त्यांचं अगदीच खोटं वाटत नाही.

बरं, हा काही संत माणूस नव्हता. टॅकल कडक, पाय घालायला मागेपुढे बघायचा नाही, रेफरीशी हुज्जत ठरलेली, कार्ड पण भरपूर. आणि बॉल काढला की मग तोच बॉल घेऊन, शर्ट पँटच्या बाहेर, मिडफिल्डच्या पलीकडे धावत सुटायचा. ८९-९० च्या इटालियन कपमध्ये तर टॉप स्कोअरर हाच, डिफेंडर! त्याच माणसाच्या नावावर सेरी ए मध्ये आठ ओन गोल पण आहेत, इंटरच्या रिकार्दो फेर्रीएवढेच, इतके कुणाचे नाहीत. वीस वर्षं प्रत्येक बॉलच्या आडवं पडल्यावर काही आपल्याच जाळीत जाणार, दुसरं काय.

कपांची यादी पटकन सांगून टाकतो. ८८ ला लीग. ८९ ला युरोपियन कप, सेमीफायनलला रियाल माद्रिदला ५-०, फायनलला बार्सिलोनात स्तेआउआ बुखारेस्टला ४-०. ९० ला पुन्हा. ८९ च्या बॅलन डी’ऑरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम प्लेयरच्या अवॉर्डमध्ये, व्हॅन बास्टेन पहिला, बारेसी दुसरा, रायकार्ड तिसरा, तिघंही एकाच ड्रेसिंग रूममधले. मग कोच कापेलो आला, ९१-९२ मध्ये पूर्ण लीग न हरता, आणि पुढे मिळून सलग ५८ लीग मॅच, शेवटी मार्च ९३ मध्ये पार्माच्या आस्प्रियाच्या फ्री किकनं ती मालिका तुटली. ९३-९४ चा आकडा मात्र थांबून बघण्यासारखा आहे: ३४ मॅचमध्ये मिलाननं मारले फक्त ३६ गोल, आणि तरी चॅम्पियन, कारण खाल्ले १५. त्याच वर्षी अथेन्समध्ये बार्सिलोनाला ४-० धुतलं ती चॅम्पियन्स लीगची फायनल सगळ्यांना आठवते, आणि त्या रात्री बारेसी खेळलाच नव्हता, सस्पेंड होता, कोस्ताकुर्ताही.

एक महिन्यानं अमेरिका, वर्ल्ड कप १९९४. कोच पुन्हा साकी, कॅप्टन बारेसी, वय ३४. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध आधी गोलकीपर पाल्युका रेड कार्ड घेऊन बाहेर, आणि हाफटाइमनंतर थोड्याच वेळात बारेसी गुडघा धरून खाली. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी. ऑपरेशन. सगळ्यांनी धरलं की याचा वर्ल्ड कप संपला, आणि या वयात कदाचित करियरही. बाकीची टीम स्टार फॉरवर्ड बाजोच्या जिवावर रडतखडत फायनलला पोचली, आणि १७ जुलैला पासादेनाच्या रोझ बोलमध्ये भर दुपारी, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, टीम बाहेर आली तर सगळ्यात पुढे हा. दुखापतीला २४ दिवस.

समोर ब्राझील, त्यांचे फॉरवर्ड रोमारिओ आणि बेबेटो. शेजारी ना तास्सोत्ती, ना कोस्ताकुर्ता, दोघंही सस्पेंड, मालदिनीला मध्ये घेतलेलं. आणि हा माणूस खेळला, १२० मिनिटं, त्या उन्हात, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर. रोमारिओ वळायच्या आत पाय पुढे, बेबेटो धावायच्या आत हा तिथे. माझ्या मते वर्ल्ड कप फायनलमध्ये डिफेंडरनं याहून भारी खेळ केलेला नाही, वाद घालायचा तर खुशाल घाला. ०-०. एक्स्ट्रा टाइमला पायात गोळे येत होते, मैदानावर झोपवून पाय ताणून देत होते.

मग पेनल्टी. पहिली कोण घेणार? कॅप्टन. सरळ बारच्या वरून. गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात तोंडावर. पुढे मासारोची पेनल्टी ब्राझीलचा गोलकीपर ताफारेलनं अडवली, आणि शेवटी बाजोचीही वरून गेली, ब्राझील ३-२. जगाला लक्षात आहे तो बाजो, कमरेवर हात, मान खाली, पोस्टरच झालं त्याचं. त्याच दिवशी त्याच गोलवर बारेसीनंही तशीच वरून मारली होती हे निम्म्या लोकांना आठवत नाही. रडतानाचा फोटो मात्र आहे त्याचा, साकी धरून उभा आहे आणि हा पोरासारखा रडतोय.

इटलीकडून त्यानंतर एकच मॅच, एकूण ८१. मिलानकडून आणखी तीन सीझन. ९५ ला चॅम्पियन्स लीग फायनल, आयाक्सकडून ०-१, १८ वर्षांच्या क्लायव्हर्टचा गोल. ९६ ला सहावी लीग. आणि शेवटचं वर्ष, ९६-९७, अगदीच टुकार, मिलान अकरावा, घरच्या मैदानावर युव्हेंटसकडून १-६. अशा वर्षी तो थांबला. ७१९ मॅच, वय ३७, दुसरा क्लब नाही. १५ सीझन कॅप्टन, आणि पट्टी गेली मालदिनीकडे, त्यानं ती २००९ पर्यंत सांभाळली, म्हणजे १९८२ पासून सत्तावीस वर्षांत मिलानचे कॅप्टन फक्त दोन.

क्लबनं ६ नंबरचा शर्ट कायमचा बाजूला काढला. पुढे मालदिनीचा ३ नंबरही काढला, पण त्याला एक सवलत ठेवली, त्याची मुलं मिलानच्या सीनियर टीमला आली तर ती घालू शकतात. ६ ला तशी सवलत नाही.