बोली लावायच्या आधी एकदा जिना चढून या

सकाळी पेपर उघडला की मधल्या कुठल्यातरी पानावर एक चौकट असते, मुंगीएवढी अक्षरं, कर्जदाराचं नाव, सोसायटी, फ्लॅट नंबर, राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली बोली घेत नाहीत तो आकडा. आपण पान उलटतो. डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या एका जोडप्याने मात्र ती चौकट कापून फ्रिजवर लावली, कारण त्यात कल्याणचा एक वन बीएचके होता 32 लाखांना, आणि त्याच भागात एजंट लोक 40च्या खाली बोलायलाच तयार नव्हते.

ही नोटीस बँकेच्या ई-लिलावाची. कर्ज थकलं की 2002च्या सरफेसी कायद्याखाली बँक कोर्टात दावा न लावता तारण घर विकू शकते, आणि जाहीर लिलाव करायचा तर दोन पेपरांत नोटीस द्यावी लागते, त्यातला एक तिथल्या भाषेतला, म्हणून आपल्याला ती मराठीत वाचायला मिळते. प्रत्यक्ष बोली लागते ती वेबसाइटवर. सरकारी बँकांची अशी घरं-दुकानं-जमिनी आता बँकनेट या एकाच पोर्टलवर बघता येतात, 2025च्या जानेवारीत ते सुरू झालं, शिवाय काही बँका इतर लिलाव कंपन्यांचे पोर्टलही वापरतात.

आता पोर्टलवर काय होतं ते बघा. मोबाइल नंबर, ईमेल, पॅन, आधार, केवायसी झालं की लॉगिन तयार. मग घर निवडायचं आणि ईएमडी भरायची, म्हणजे अनामत, साधारण राखीव किमतीच्या 10 टक्के. 32 लाखांच्या घराला 3 लाख 20 हजार. ही रक्कम ठरलेल्या मुदतीत जमा झाली तरच बोलीचं बटण चालू होतं, आणि आरटीजीएसला उशीर झाला हे कारण कुणी ऐकून घेत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबूच नका. बोली जिंकली नाही तर अनामत परत मिळते, पण बिनव्याजी.

इथपर्यंत साइट अगदी बोट धरून नेते. पुढचं बटण कुठलं, कागद कुठला अपलोड करायचा, सगळं समजतं. आणि इथेच माणूस फसतो, कारण सगळं इतकं सरळ चाललंय म्हटल्यावर घरही सरळच असणार असं वाटायला लागतं.

या जोडप्याने लिलावाच्या दहा दिवस आधी कल्याण गाठलं. वॉचमनला विचारलं, तिसऱ्या मजल्यावरचा तो बंद फ्लॅट कुठला हो? तो म्हणाला, बंद कुठे ताई, माणसं राहतायत, सकाळीच दूध नेलं त्यांनी. घरी येऊन दोघांनी नोटीस परत वाचली, तेव्हा खाली दोन शब्द सापडले, सांकेतिक ताबा. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवलीय, कागदावर ताबा घेतलाय, पण आत जुनं कुटुंब आहे. प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँकेला जिल्हाधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, कर्जदार डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला तर तारखांवर तारखा, आणि तोवर तुमचे पैसे अडकलेले, वर भाडंही चालूच. शिवाय आत राहणाऱ्यांचंही ते घरच आहे, हे विसरून बोली लावू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी ते घर सोडलं. दोन महिन्यांनी त्याच भागात दुसरं आलं, तेवढ्याच राखीव किमतीचं, पण प्रत्यक्ष ताब्यातलं, दाराला बँकेचं सील. या वेळी दोघं आधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. काकांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबवलं, मेंटेनन्सची थकबाकी 1 लाख 87 हजार. पोर्टलवर हा आकडा कुठेच नव्हता. नोटिशीत फक्त 'जसे आहे जेथे आहे' लिहिलेलं होतं, आणि या चार शब्दांचा अर्थ असा की थकलेला मेंटेनन्स, वीजबिल, प्रॉपर्टी टॅक्स सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. माझं स्पष्ट मत आहे, राखीव किंमत जेवढ्या ठळक अक्षरात दाखवता तेवढ्याच ठळक अक्षरात घरात कोण राहतंय आणि सोसायटीचं किती थकलंय हेही दाखवा, बँकेला ही माहिती काढणं आपल्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

लिलावाचा दिवस. जोडप्यातल्या ताईंनी वहीच्या कागदावर 34,50,000 लिहून तो लॅपटॉपला चिकटवला, याच्या पुढे जायचं नाही. बोली 25 हजारांच्या टप्प्याने वाढणार होती. स्क्रीनवर सर्वात मोठी बोली दिसते, कोणाची ते दिसत नाही. वेळ संपायला दोन मिनिटं असताना समोरून बोली आली आणि घड्याळ परत पाच मिनिटांवर गेलं. ईबेवर वेळ संपली की संपली, म्हणून तिथे लोक शेवटच्या सेकंदाला बोली टाकतात, इथे तसं चालत नाही, शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली लावली की मुदत वाढते आणि हे कितीही वेळा होऊ शकतं. अकराला संपणारा लिलाव साडेअकरापर्यंत चालला. आकडा टाकताना ताई प्रत्येक शून्य मोठ्याने मोजायच्या, कारण दिलेली बोली मागे घेता येत नाही. 34 लाख 50 हजारांवर घड्याळ शून्यावर आलं.

आता खरी धावपळ. बोलीच्या 25 टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे, म्हणजे 8 लाख 62 हजार 500, त्यातून ईएमडी वजा जाऊन 5 लाख 42 हजार 500. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या वर नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त आणि घराचा परत लिलाव. होमलोन 15 दिवसांत नव्याने उभं राहणं कठीण, म्हणून यांनी ते लिलावाच्या आधीच मंजूर करून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर घर मिळालं ते त्यामुळेच.

जुना कर्जदार मध्येच पैसे घेऊन आला तर काय, हा प्रश्न खूप जण विचारतात. नवी मुंबईच्या एका जागेचं असंच झालं होतं, लिलावात 105 कोटी 5 लाखांची बोली जिंकली, मग कर्जदाराने 129 कोटी देऊ केले आणि मुंबई हायकोर्टाने ते चालवूनही घेतले. सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून जागा सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, जागा बोली जिंकणाऱ्याचीच.

सेल सर्टिफिकेट आलं, स्टॅम्प ड्युटी भरली, आणि सोसायटीच्या थकबाकीचा चेक ताईंनी ताब्याच्या आधीच काकांच्या हातात दिला. बँकेच्या साहेबांनी सील तोडलं, आत कोंदट वास, भिंतीवर जुन्या वर्षाचं कॅलेंडर, गॅलरीत कुंडीत वाळलेली तुळस. ताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडला. आधी नुसती हवा, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ.