उतरती बोली

(दृश्य: बाजार समितीतल्या कांद्याच्या राशी, मग टॉवेलचा यंत्रमाग)

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू झाला की बोली चढत जाते. माल एकाचा, घेणारे अनेक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मात्र संगणकावर उलटा लिलाव चालतो. घेणारा एक, विकणारे अनेक, आणि बोली उतरते.

समजा, एका रुग्णालयाला १०,००० पांढरे टॉवेल हवेत. आधी तांत्रिक छाननी होते आणि त्यात टिकलेल्यांनाच लिलावात प्रवेश मिळतो. सुरुवातीचा दर, प्रत्येक बोलीत किमान किती घट करायची आणि बंद होण्याची वेळ आधीच ठरलेली असते. स्पर्धकांची नावं दिसत नाहीत. काही पोर्टलवर सर्वांत कमी दर दिसतो, काहींवर फक्त आपला क्रमांक. शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली तर वेळ आपोआप वाढते, म्हणून शेवटच्या सेकंदाला बटण दाबायची युक्ती इथे चालत नाही.

(दृश्य: वजनकाट्यावर टॉवेल)

खरेदीदाराची पहिली चूक वर्णनात होते. ‘चांगल्या प्रतीचा टॉवेल’ एवढंच लिहिलं की सर्वांत हलका माल सर्वांत स्वस्त ठरतो. लिहायचं ते असं: ७५ बाय १५० सेंटिमीटर, १०० टक्के सुती, ४५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम), किती टक्के कमी-जास्त चालेल, धुतल्यावर किती आटलेला चालेल, माल एका ठिकाणी पोहोचवायचा की बारा. या मापाच्या टॉवेलचं वजन ५०६ ग्रॅम भरतं. कोणी ४२० जीएसएमचा माल दिला तर काटा ४७२ दाखवतो. हाताला हा फरक कळत नाही, काट्याला कळतो.

जॅकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर मात्र अशी घेऊ नये. नक्षी, रंगसंगती, विणीची सफाई रकान्यात बसत नाही. भौगोलिक मानांकन असलेल्या सोलापुरी चादरीची बरोबरी नुसत्या वजनावर लावणं हा विणकरावर अन्याय आहे.

(दृश्य: हिशेबाचा कागद, कॅल्क्युलेटर)

आता विकणाऱ्याची बाजू. त्याचा लिलाव आदल्या रात्री या कागदावर होतो. वाया जाणारं धरून एका टॉवेलला ५३० ग्रॅम सूत. सूत २४० रुपये किलो धरलं तर १२७ रुपये. विणाई आणि ब्लीचिंग २८, शिलाई-पॅकिंग ७, भाडं ४, व्याज आणि नापास होणारा माल ४. झाले १७०. नफा ५ रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी. तळाचा दर १८३ रुपये ७५ पैसे. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवायचा. बोली करसह आहे की करविना, हे नियमात आधी वाचायचं. ही गफलत झाली तर सगळा नफा करातच जातो.

पडद्यावर १८४, १८३.५०, १८३ असं उतरताना हात थांबत नाही. कोणी १७६ पर्यंत गेला तर या हिशेबाने १०,००० टॉवेलमागे जवळपास २४,००० रुपयांचा तोटा. शिवाय दर ठरल्यावर सूत किलोमागे १० रुपयांनी चढलं तर आणखी ५३,०००. म्हणून दर पक्का करण्याआधी सूतवाल्याकडून भाव किती दिवस टिकेल ते लेखी घ्यावं. माघार घेतली तर अनामत जाते, काळ्या यादीची टांगती तलवार राहते आणि सरकारी खरेदीत फेरनिविदेची वेळ येते.

केंद्र सरकारच्या खरेदीत लहान कारखानदाराला तळ गाठायची गरज नेहमी नसते. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोली लावणारा, सूक्ष्म किंवा लघु उद्योग नसेल आणि आपली बोली त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर एल-वनचा दर मान्य करून किमान २५ टक्के मालाची ऑर्डर घेता येते. त्यासाठी निविदा विभागण्याजोगी हवी आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, उत्पादक म्हणून हवी. मात्र एल-वनचा तो दर आपल्या तळाच्या दराशी ताडूनच होकार द्यायचा.

(दृश्य: गठ्ठ्यांवर सही-शिक्का)

ऑर्डर मिळाली की मंजूर नमुन्याचे दोन तुकडे सील करायचे, एक घेणाऱ्याकडे, एक आपल्याकडे. माल उतरला की पोहोच-पावतीवर तारखेसह सही घ्यायची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि ती मुदत माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजली जाते.